मोजून दिलेलें घर

'अनामत' हा शब्द आपल्या भाषेंत अरबींतून फारसीच्या वाटेनें आला. मूळ शब्द 'अमानत'. आणि विश्वास हाच त्याचा गाभा आहे. आज मात्र हा शब्द उच्चारला कीं पुष्कळांना विश्वासापेक्षां वादाचीच आठवण अधिक होते. घर सोडण्याचा दिवस डोळ्यांपुढें आणा. सामान टेंपोंत चढलें आहे, मुलें खालीं गेलीं आहेत, रिकाम्या खोलींत आवाज घुमतो आहे. आणि घरमालक व भाडेकरू भिंतीवरील एका डागाकडे पाहत उभे आहेत. एक म्हणतो, हा डाग तुमच्या वेळचा. दुसरा म्हणतो, आम्ही आलों तेव्हां तो होताच. दोघांच्या मध्यें कांहीं हजारांची रक्कम आहे. ती नांवानें भाडेकरूची आणि हातानें मालकाची. या वादाचा निवाडा कसा व्हावा, या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनीं जीं उत्तरें शोधलीं, त्यांचा इतिहास, विशेषतः इंग्लंडांतील इतिहास, आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

मी कायदेपंडित नव्हें. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली आणि पस्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकवला, इतकाच माझा अधिकार. या विषयाकडे मी वळलों तो माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें. पुण्यांत पेठेंतील एका जुन्या वाड्याच्या जागीं झालेल्या इमारतींत वडिलांच्या मागें राहिलेल्या दोन खोल्या मीं एका सज्जन कुटुंबाला भाड्यानें दिल्या होत्या. तीन वर्षांनीं तीं माणसें जाऊं लागलीं तेव्हां स्वयंपाकघरांतील एक शहाबादी फरशी आडवी चिरलेली मला दिसली. "अहो, ही फरशी तर धड होती," मी म्हणालों. "नाहीं गुरुजी, आम्ही आलों त्या दिवशींहि ही चीर होती," ते गृहस्थ म्हणाले. माझ्या आठवणीबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मीं अनामतीच्या तीस हजारांतून चार हजार कापून घेतले. त्यांनीं वाद वाढवला नाहीं; नमस्कार केला आणि ते गेले. पुढें सहा महिन्यांनीं कपाट आवरतांना माझ्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं छायाचित्रें हातीं लागलीं. एका चित्रांत आई पाटावर बसली होती, आणि पाटाच्या डाव्या अंगाला तीच फरशी, तीच चीर, स्पष्ट दिसत होती. तें चित्र भाडेकरू येण्याच्या चार वर्षें आधींचें होतें.

मी त्यांचा नवा पत्ता शोधून काढला आणि पैसे परत केले. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही खोटें बोलत नव्हतां, हें आम्हांला तेव्हांहि ठाऊक होतें." या वाक्यानें मला अधिकच अवघडल्यासारखें झालें. चार हजार परत करतां आले. परंतु एका प्रामाणिक कुटुंबाला सहा महिने मीं मनांत लबाड ठरवलें होतें, तें कसें परत करणार? त्या दिवसापासून माझें मत असें झालें आहे कीं, अनामतीचे वाद हे बहुधा सचोटी आणि लबाडी यांमधील वाद नसतातच. ते दोन प्रामाणिक आठवणींमधील वाद असतात. आणि आठवण ही साक्षीदार म्हणून फार कच्ची असते.

हें सत्य आपल्या पूर्वजांना चांगलें माहीत होतें. धर्मशास्त्रकारांनीं ठेवीचे प्रकार सांगतांना एक मार्मिक भेद केला आहे. मोहोरबंद पेटींत घालून, आंत काय आहे तें न सांगतां दुसऱ्याच्या हातीं दिलेली वस्तु ती 'उपनिधि'. आणि समक्ष मोजून दिलेली वस्तु तो 'निक्षेप'. उपनिधि जसा दिला तसाच मोहोरेसह परत करावयाचा. निक्षेप मोजून परत करावयाचा. आतां घरभाड्याचा व्यवहार या दृष्टीनें पाहिला तर त्यांत एक नव्हें, दोन ठेवी असतात. भाडेकरू पैसे मालकाकडे ठेवतो आणि मालक आपलें घर भाडेकरूकडे ठेवतो. पैसे मोजून दिले जातात. घर मात्र कोणी मोजून देत नाहीं, किल्ली दिली कीं झालें! म्हणजे एका बाजूनें निक्षेप आणि दुसऱ्या बाजूनें उपनिधि, आणि तोहि मोहोर नसलेला. तंट्याचें मूळ येथें आहे.

मोजणारा कोण असावा, हा याच्या पुढचा प्रश्न. शिवकालीन किल्ल्यांच्या व्यवस्थेंत त्याचें एक उत्तर सांपडतें. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत, आणि धान्याचा व सामानाचा हिशेब लिहिण्यासाठीं कारखानीस निराळा असे. किल्ल्या ज्याच्या कमरेला, हिशेबाची लेखणी त्याच्या हातीं नाहीं, हें त्या व्यवस्थेचें मर्म होतें. ज्याचा वस्तूंत हितसंबंध आहे त्यानेंच तिची यादी लिहूं नये, हा विचार मनांत ठेवून आपण आतां इंग्लंडांत जाऊं. कारण घरभाड्याच्या बाबतींत हाच विचार त्या देशानें पुष्कळ वळणें घेऊन अखेर कायद्यांत आणला.

यादी करण्याची संवय इंग्लंडांत भाड्याच्या घरापासून लागली नाहीं. ती मृत्यूपासून लागली. १५२९ सालीं, आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, मृत मनुष्याच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्यानें तिची यादी करावी असा कायदा झाला. ती त्यानें एकट्यानें करावयाची नव्हती. मृताचे धनको, वारसा मिळणारे किंवा अन्य प्रामाणिक माणसें यांपैकीं निदान दोघांच्या समक्ष करावयाची होती. यादीच्या प्रती दोन. एकाच चर्मपत्रावर दोनदां मजकूर लिहून मधून नागमोडी रेघेनें तें कापण्याची रीत त्या काळीं होती. पुढें तंटा झाला तर दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळवून पाहतां येत. एक प्रत धर्माधिकाऱ्याकडे जाई, दुसरी व्यवस्थापकाकडे राही. या याद्या खोलीवार लिहिण्याची वहिवाट होती: दिवाणखान्यांत एक मेज, सहा बाकें, माडीवर एक पलंग, त्यावरील गादी, स्वयंपाकघरांत पितळेचीं भांडीं. अशा हजारों याद्या तेथील दप्तरांत आजहि सुरक्षित आहेत, आणि सामान्य माणसाच्या संसाराचा इतिहास लिहिणारे त्यांचा मोठा उपयोग करतात.

पुढें सामानासह घर भाड्यानें देण्याची चाल श्रीमंत वर्गांत रूढ झाली, तेव्हां या जुन्या संवयीला नवें काम मिळालें. समुद्रकांठच्या गांवीं हवा पालटण्यासाठीं कांहीं आठवड्यांपुरतें घर घ्यावयाचें, आणि तेंहि पलंग, गालिचे, चिनी भांडीं यांसह. सामान मालकाचें, वापर परक्याचा. तेव्हां येतांना यादी व जातांना यादी ही अपरिहार्य झाली.

१८४३ सालचा एक खटला या संबंधांत प्रसिद्ध आहे. ब्रायटन येथें सर टॉमस मॅरेबल यांनीं सामानासह एक घर पांच आठवड्यांसाठीं, आठवड्याला आठ गिनी भाड्यानें घेतलें. कुटुंब राहावयास आलें आणि पाहतात तों घरांत ढेकूणच ढेकूण! मंडळींनीं घर सोडलें. मालकानें उरलेल्या भाड्यासाठीं फिर्याद केली. न्यायालयानें निकाल दिला कीं, सामानासह घर देणाऱ्यानें तें राहण्यास योग्य अशा स्थितींत दिलें पाहिजे, हें त्या करारांतच गृहीत आहे. ढेकणांनीं इंग्रजी कायद्यांत असें एक तत्त्व प्रस्थापित केलें! आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील महत्त्वाची गोष्ट ही कीं, घर सोडतांना तें कसें होतें या प्रश्नाबरोबरच घर देतांना तें कसें होतें हा प्रश्नहि न्यायालयापुढें आला. मात्र हा नियम सामानाशिवाय दिलेल्या घरांना त्या काळीं लागू झाला नाहीं.

दुसरा खटला १८९० सालचा. भाडेकरूनें घर 'चांगल्या दुरुस्त स्थितींत' परत करावें असें करारांत असतें. पण चांगलें म्हणजे किती चांगलें? वरिष्ठ न्यायालयानें सांगितलें कीं, घराचें वय, त्याचा प्रकार आणि तें कोणत्या वस्तींत आहे, हें पाहून तें ठरवावें. दोनशें वर्षांच्या घराकडून कालच्या घराची अपेक्षा करूं नये. पुढें याच्याच जोडीला 'वाजवी झीज' ही कल्पना दृढ झाली. माणूस घरांत राहिला कीं उंबरठा झिजणार, दाराच्या मुठीचा मुलामा जाणार, भिंतीचा रंग उतरणार. हें नुकसान नव्हें. हें राहणें आहे, आणि त्याचें मोल भाड्यांत येऊन चुकलेलें असतें.

आतां कोणी विचारील कीं, एवढे न्यायनिवाडे झाले, मग अनामतीच्या रक्षणाचा कायदा व्हावयास एकविसावें शतक कां उजाडावें लागलें? त्याचें कारण असें कीं, पहिल्या महायुद्धापूर्वीं इंग्लंडांतील बहुतांश कुटुंबें भाड्याच्या घरांतच राहत असत खरीं, पण तीं रिकामीं घरें आठवड्याच्या भाड्यानें घेत. मालकाच्या हातांत अनामतीहून जुनें हत्यार होतें: भाडें थकलें तर भाडेकरूचें सामान स्वतः अटकावून ठेवण्याचा अधिकार. भाडेकरूचा पलंग हीच मालकाची अनामत होती म्हणा ना! हा मध्ययुगीन अधिकार राहत्या घरांच्या बाबतींत पूर्णपणें नाहींसा झाला तो २०१४ सालीं.

१९१५ सालीं ग्लासगो शहरांत युद्धसाहित्याच्या कारखान्यांमुळें गर्दी झाली, भाडीं वाढलीं आणि भाडेकरूंनीं, विशेषतः स्त्रियांनीं, भाडें न देण्याचा लढा उभारला. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें भाडीं गोठवणारा कायदा केला. युद्धकाळांतील या धोरणाचें लोण १९१८ सालीं आपल्या मुंबईपर्यंत आलें. त्याच्याकडे शेवटीं वळावयाचेंच आहे. इंग्लंडांत पुढच्या सत्तर वर्षांत खाजगी भाड्याचीं घरें उत्तरोत्तर घटत गेलीं. कोणी स्वतःचें घर घेतलें, कोणी नगरपालिकेच्या घरांत गेलें. एकोणीसशें ऐंशींच्या दशकाच्या अखेरीस सुमारें दहांत एकच कुटुंब खाजगी भाडेकरू उरलें होतें. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यानें नव्या करारांवरील भाडे-नियंत्रण सैल केलें, आणि खाजगी भाड्याचा धंदा पुन्हां वाढूं लागला. त्याच्याबरोबर महिना-दीड महिन्याच्या भाड्याएवढी अनामत घेण्याची रीत सर्वत्र पसरली. नोकरीसाठीं दर वर्षा-दोन वर्षांनीं घर बदलणारीं तरुण माणसें, विद्यार्थी, परदेशांतून आलेलीं कुटुंबें यांचे पैसे मालकांकडे व दलालांकडे पडूं लागले. आणि ते परत मिळवावयाचे तर न्यायालयाची पायरी चढण्यावांचून गत्यंतर नव्हतें. थोड्याशा रकमेसाठीं ती कोण चढतो?

अन्य देशांनीं याआधींच दोन निराळ्या वाटा काढल्या होत्या. पहिली वाट कागदाची. फ्रान्समध्यें १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेंत स्पष्ट सांगितलें आहे कीं, घराच्या स्थितीचा कागद दोन्ही पक्षांनीं केला असेल तर भाडेकरूनें घर त्या कागदाप्रमाणें परत करावें. मात्र काळाच्या ओघानें किंवा दैवी आपत्तीनें जें बिघडलें त्याची जबाबदारी त्याच्यावर नाहीं. आणि कागदच केला नसेल तर? तर भाडेकरूनें घर चांगल्या स्थितींत घेतलें असें मानावें. ज्यानें आळस केला त्याच्यावर बोजा, असा हा कडक न्याय. १९८९ च्या कायद्यानें त्यांत अशी सोय आहे कीं, दोघांनीं मिळून हा कागद करणें जमत नसेल तर न्यायखात्याशीं संबंधित अधिकाऱ्यानें तो करावा आणि खर्च दोघांनीं निम्मा-निम्मा सोसावा.

दुसरी वाट पैशाची. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतानें १९७७ सालीं कायदा करून एक सरकारी मंडळ स्थापिलें. अनामत मालकानें घ्यावयाची, पण ठेवावयाची मात्र मंडळाकडे. भाडेकरू जातांना दोघांची संमति असेल त्याप्रमाणें मंडळ पैसे देतें; संमति नसेल तर निवाडा होईपर्यंत पैसे हालत नाहींत. साठलेल्या रकमांच्या व्याजांतून भाडेकरूंच्या व मालकांच्या उपयोगाच्या सेवा चालवल्या जातात. न्यूझीलंडनेंहि १९८६ च्या कायद्यानें अशीच व्यवस्था केली. एका देशानें घर मोजून दिलें, दुसऱ्यानें पैसा तिऱ्हाइताच्या हातीं सोंपवला. इंग्लंडला या दोन्ही गोष्टी एकत्र आणावयाच्या होत्या.

१९९८ सालीं इंग्लंडांतील नागरिकांना विनामूल्य सल्ला देणाऱ्या केंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेनें, ज्याचें नांव 'असुरक्षित अनामत' अशा अर्थाचें आहे असा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर २००० सालीं ऐच्छिक स्वरूपाची एक योजना प्रयोगादाखल सुरू झाली. परंतु ऐच्छिक योजनेंत जे आधींच सरळ असतात तेच येतात. शेवटीं २००४ च्या गृहनिर्माण कायद्यांत अनामत-रक्षणाचीं कलमें घालण्यांत आलीं आणि ६ एप्रिल २००७ पासून तीं इंग्लंड व वेल्समध्यें अमलांत आलीं. स्कॉटलंडांत २०१२ सालीं व उत्तर आयर्लंडांत २०१३ सालीं तशाच योजना सुरू झाल्या.

या कायद्याची रचना समजावून घेण्यासारखी आहे. मालकापुढें दोन मार्ग ठेवले आहेत. एक, सर्व रक्कम मान्यताप्राप्त संस्थेकडे ठेवावयाची. ही सेवा मोफत असते. दुसरा, रक्कम स्वतःकडे ठेवावयाची, पण शुल्क भरून तिचा विमा उतरावयाचा. म्हणजे मालकानें पैसे बुडवले तरी भाडेकरूला ते संस्थेकडून मिळतात. दोहोंपैकीं कांहींहि केलें तरी ठराविक मुदतींत भाडेकरूला त्याची लेखी माहिती द्यावी लागते. ही मुदत प्रारंभीं चौदा दिवसांची होती. रक्कम उशिरा भरून दंड चुकवण्याच्या वाटा पहिल्या कांहीं वर्षांत न्यायालयांच्या निकालांतून मोकळ्या झाल्या. म्हणून २०११ च्या कायद्यानें मुदत तीस दिवसांची केली आणि ती मोडणाऱ्यास अनामतीच्या एकपट ते तिप्पट दंड निश्चित केला. २०१९ च्या कायद्यानें तर इंग्लंडांत अनामतीलाच मर्यादा घातली: वर्षाचें भाडें पन्नास हजार पौंडांहून कमी असेल तर पांच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेतां येत नाहीं.

पण माझ्या मतें या व्यवस्थेचा खरा प्राण दंडांत नाहीं. तो एका साध्या तत्त्वांत आहे. वाद झालाच आणि दोघेहि कबूल असतील, तर संस्थेचा निवाडाकार तो विनामूल्य सोडवतो. तो घर पाहावयास जात नाहीं, कोणाची उलटतपासणी घेत नाहीं. फक्त कागद पाहतो. आणि तो हें धरून चालतो कीं, अनामत भाडेकरूचीच आहे, ज्याला तींतून कांहीं कापावयाचें आहे त्यानें आपला हक्क सिद्ध करावा. या एका वाक्यानें सगळा पट उलटला. पूर्वीं पैसे मालकाच्या हातीं असल्यामुळें सिद्ध करण्याचें ओझें व्यवहारांत भाडेकरूवर पडे. आतां मालकापाशीं आरंभीची यादी नसेल तर त्याचा दावा बहुधा तेथेंच संपतो.

त्यामुळें यादी करणाऱ्याचा जुना पेशा नव्यानें बहराला आला. याला आपण यादी-कारकून म्हणूं. हा मालकाचा माणूस नसावा, दलालाचा नसावा, भाडेकरूचा तर नसावाच. तो रिकाम्या घरांत जातो आणि एकेक खोली घेऊन दारापासून क्रमानें फिरतो: दार, छत, भिंती, खिडक्या, जमीन, दिवे, कपाटें. 'भिंत पांढरी' एवढें लिहून तो थांबत नाहीं. 'भिंत पांढरी, स्वच्छ, खिडकीखालीं खिळ्यांचीं तीन भोकें, कोपऱ्यांत फिकट डाग' असें लिहितो. विजेच्या व पाण्याच्या मापकांचे आंकडे टिपतो, किल्ल्या मोजतो, तारखेसह छायाचित्रें घेतो. मग ती यादी भाडेकरूला दिली जाते. तिच्यांत कांहीं चुकलें असेल तर लिहून कळवण्यास त्याला कांहीं दिवस, पुष्कळदां एक आठवडा, मिळतो. दोघांच्या सह्या होतात. घर सोडतांना तीच यादी हातीं घेऊन त्याच क्रमानें पुन्हां फेरी होते. चार शतकांपूर्वींच्या चर्मपत्राच्या कडा जुळवण्याचेंच हें काम आहे.

आणि नुकसान ठरलें तरी भरपाईला माप असतें. समजा, एक गालिचा पांचशें पौंडांना घेतला, तो दहा वर्षें टिकावा अशी अपेक्षा आहे, आणि आठ वर्षांनंतर भाडेकरूच्या हातून तो जळाला. मालकाला पांचशें मिळत नाहींत. उरलेल्या दोन वर्षांचे, म्हणजे शंभर पौंडच मागतां येतात. जुन्याच्या बदल्यांत नवें घेऊन कोणी लाभ करून घेऊं नये, असा हा नियम. माझी शहाबादी फरशी पन्नास वर्षांची होती. ती भाडेकरूनें खरोखरच फोडली असती तरी या हिशेबानें माझे चार हजार निघाले नसते!

ही व्यवस्था निर्दोष आहे असें मात्र नाहीं. यादी-कारकून स्वतंत्र म्हटला तरी त्याचे पैसे कोणीतरी देतोच, आणि तो बहुधा मालक किंवा दलाल असतो. २०१९ च्या कायद्यानंतर इंग्लंडांत हा खर्च भाडेकरूवर लादतांच येत नाहीं, हें योग्य असलें तरी त्यामुळें कारकुनाचा अन्नदाता एकाच बाजूचा ठरतो. शिवाय या धंद्याला तेथें सरकारी परवाना लागत नाहीं. स्वतंत्र कारकुनांची संघटना आहे, तिचे नियम आहेत. पण तिचें सभासद होणें ऐच्छिक आहे. एकूण त्याचा स्वतंत्रपणा टिकतो तो त्याच्या यादीवर दोन्ही बाजूंची सही असते म्हणून आणि निवाडा करणारा तिसराच असतो म्हणून.

आतां आपल्या घरीं येऊं. युद्धकाळाचें तें लोण १९१८ सालीं मुंबईस आलें म्हणून मघाशीं सांगितलें. १९१८ चा कायदा, १९३९ व १९४४ चे कायदे आणि शेवटीं १९४७ चा कायदा, अशा क्रमानें मुंबईंत भाडीं बांधलीं गेलीं. १९४७ च्या कायद्यांत सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चें भाडें हें प्रमाण धरलें होतें. त्याच कायद्यानें भाड्याव्यतिरिक्त नजराणा किंवा अनामत घेणें हा गुन्हा ठरवला. परिणाम असा झाला कीं, उघड अनामत नाहींशी झाली आणि अंधारांतील पागडी वाढली. पागडीचा कागद नाहीं, पावती नाहीं. विश्वास आणि भीति यांच्यावरच तो व्यवहार चाले. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं परवान्यानें राहत असलेल्यांना कायद्यानें भाडेकरूचें संरक्षण दिलें, आणि मग घरमालकांच्या मनांत 'दिलेलें घर परत मिळेल का' ही धास्ती कायमची बसली. अकरा महिन्यांच्या करारांवरील आपली श्रद्धा आणि मोठी अनामत मागण्याची संवय यांना या धास्तीनें मोठेंच खतपाणी घातलें. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्यानें, जो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, पागडीला उघडपणें मान्यता दिली आणि प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असावा अशी जबाबदारी मालकावर टाकली.

म्हणजे कागद आपल्याकडे आला. त्यांत अनामतीचा आंकडा असतो. मुद्रांकशुल्क ठरवतांनाहि तो हिशेबांत धरला जातो. पुष्कळ करारांना सामानाची यादीहि जोडलेली असते: पंखे चार, दिवे सहा, कपाट एक. पण पंखे चार, इतकें लिहून भागतें का? त्यांतला एक कुरकुरतो आहे, दिव्यांतला एक लागत नाहीं, कपाटाचें दार लोंबतें आहे, हें कोण लिहितो? संख्या आहे, स्थिति नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें राज्यांसाठीं जो आदर्श भाडे-कायदा पुढें ठेवला, त्यांत राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असूं नये असें म्हटलें आहे, आणि कोणती दुरुस्ती कोणी करावी याची वांटणीहि दिली आहे. परंतु तो आदर्श आहे. राज्यांनीं स्वीकारला तरच तो कायदा होतो. आणि अनामतीची रक्कम तिसऱ्याच्या हातीं ठेवण्याची इंग्लंड किंवा न्यू साउथ वेल्ससारखी सक्ति त्यांत नाहीं.

कायदा होईल तेव्हां होईल. तोंपर्यंत इतिहासानें दिलेला धडा घरच्या घरीं गिरवण्यास कोणाची हरकत आहे? घर देतांना एक तास काढावा. मालक, भाडेकरू आणि दोघांनाहि मान्य असा एक तिसरा, मग तो शेजारी असो कीं सोसायटीचा चिटणीस, अशा तिघांनीं दारापासून क्रमानें फिरावें. जें दिसेल तें लिहावें, छायाचित्रें घ्यावीं, दोन प्रती कराव्या, तिघांच्या सह्या घ्याव्या. पहिल्या भेटींतच इतका संशय कशाला, असा संकोच वाटेल. मलाहि वाटला होता. आणि त्या संकोचाची किंमत दुसऱ्याच कुटुंबानें भरली. यादी ही अविश्वासाची खूण नव्हें. ज्यांना एकमेकांवरील विश्वास शेवटच्या दिवसापर्यंत टिकवावयाचा आहे, त्यांच्यासाठींच ती आहे.

माझ्या त्या दोन खोल्यांत आतां दुसरें कुटुंब राहतें. त्यांना घर देतांना आम्हीं सहा पानांची यादी केली. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनीं ती लिहिली. तिच्या चौथ्या पानावर एक ओळ आहे: 'स्वयंपाकघर, ओट्यापासून तिसरी फरशी, आडवी चीर, जुनी.' ती ओळ मीं स्वतः सांगून लिहवून घेतली आहे.